ओल हाय तवर

द्वारकाबाईच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली पोरं वरकुट्यात किती, याचा हिशेब तिनं स्वतः कधी ठेवला नव्हता. त्यातली काही आता लेकराबाळांची झाली होती, तरी रस्त्यात दिसली की ही हटकायचीच, "रडका हुतास रं तू लई." दवाखान्यातून बाळ-बाळंतीण गावात आली, की गाडीचं दार उघडायच्या आत कुणीतरी द्वारकाबाईकडं पळत सुटायचं. मग ती पदर खोचून न्हाणीत पाटावर बसायची, पाय लांब करायची, पोर नडग्यांवर उपडं घ्यायची आणि तेल, डाळीचं पीठ, कणकेचा गोळा, वर कढत पाणी असं एकामागून एक चालू करायची. शेवटी ओव्याची धुरी. पोर जीव खाऊन किंचाळायचं. दाराशी उभी आई पुढं व्हायची, पण द्वारकाबाई मान वर न करता म्हणायची, "रडू दे. जितकं रडंल तितकं अंग मोकळं हुतं." यावर गावात कुणी कधी उलटून बोललं नाही. तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

आणि तिच्याच नातीचं अंग मोकळं होत नव्हतं.

छकुली पंधरा महिन्यांची. रणजित आणि अनिताची पहिलीच. जन्मली तेव्हा बरी होती. गेल्या दिवाळीनंतर थंडी पडली तशी तिची कातडी कोरडी पडत गेली. आधी गालांवर खरखर आली, मग कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणी लाल झाल्या, मग पोटावर, पाठीवर पांढरा कोंडा धरायला लागला. हात फिरवला की हाताला लागायचा. पोरगी दिवसरात्र खाजवायची. झबल्यावर रक्ताचे बारीक ठिपके पडायचे आणि अनिता ते गुपचूप धुऊन टाकायची.

द्वारकाबाईचं एकच म्हणणं होतं. मळ आहे, निघेल. कालव्याचं पाणी बंद होतं, वापरायला बोअरचं खारं पाणी. हंड्याच्या बुडाला चुन्यासारखा थर धरायचा. असल्या पाण्यात अंग कसं निघायचं, म्हणून ती पाणी आणखी कढत घ्यायची आणि पीठ आणखी जोर लावून चोळायची. न्हाऊन झाल्यावर पोरगी तासभर गुळगुळीत दिसायची. दुपारपर्यंत पुन्हा कोंडा.

"आत्या, जरा हळू घासता का?" अनिता एकदा चाचरत म्हणाली होती.

"मला शिकीव तू."

अनिता बारावी झालेली होती, पण या घरात येऊन तीन वर्षं झाली तरी सासूसमोर तिचा आवाज न्हाणीच्या दाराबाहेरच राहायचा.

संक्रांतीनंतरच्या रविवारी छकुलीचं बोरन्हाण ठरलं. आळीतल्या बायका येणार म्हणून द्वारकाबाईनं त्या दिवशी नातीला दोनदा न्हाऊ घातलं. पोरगी रडून रडून निळी पडली. मग काळं झबलं चढवलं, त्यावर हलव्याची माळ, हातात हलव्याच्या बांगड्या. हलव्याला काटे असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते सोललेल्या कातडीवर घासतात, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. पाटावर बसवलेली छकुली माळ ओढायला लागली, गळा खाजवायला लागली, आणि वरून बोरं, हरभरे, चुरमुरे पडायला लागले तेव्हा तिच्या गळ्यावरून रक्ताचा एक ओघळ काळ्या झबल्यात उतरला.

पोरं बोरं वेचायला झेपावली. शेजारच्या धोंडाबाईचा नातू शिवम सगळ्यात पुढं. धोंडाबाईनं त्याचा दंड धरून त्याला मागं ओढलं.

"लांबनं वेच. लागंल काय तरी."

हळूच म्हणाली, पण घर लहान होतं. मग दुसरीनं आपलं पोर मागं घेतलं, तिसरीनं घेतलं. पाटाभोवती बोरं तशीच पडून राहिली. बायकांनी वाणं घेतली, कुंकू लावून घेतलं आणि इतर वेळी दिवस मावळेतो बसणाऱ्या त्या बायका अर्ध्या तासात पांगल्या. जाता जाता कुणीतरी बोललंच, "न्हाऊ घालणारीच्याच घरात बगा." द्वारकाबाईला ते शब्द भर चौकात थोबाडीत बसावी तसे लागले. ती खाली बसून एकेक बोर टोपलीत भरत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन म्हणाली, "अनिता, चल. बारामतीला दाखवू."

उसाची तोड आली होती, त्यामुळं रणजितला रान सोडता येईना. सासू-सून एसटीनं गेल्या. कातडीची डॉक्टरीण तरुण होती. तिनं छकुलीला उघडं करून दिव्याखाली नीट पाहिलं, कोपराच्या चिरा बोटानं हलकेच उघडल्या.

"आंघोळ कशी घालता?"

अनितानं सांगितलं. कढत पाणी, पीठ, गोळा, धुरी. सांगताना तिची मान खाली खाली जात होती.

"कोण घालतं?"

उत्तर द्वारकाबाईच्याच तोंडात होतं, दोन अक्षरांचं. बाहेर बाकावर दहा माणसं, दार अर्धं उघडं. ती साडीचा काठ चिमटीत धरून बसून राहिली.

"मीच घालते," अनिता म्हणाली.

मग डॉक्टरीण जे बोलली ते अनितानं ऐकून घेतलं. "शिकलेल्या दिसता तुम्ही. लेकराची कातडी म्हणजे घासायचं भांडं आहे का? हिची कातडी मुळातच कोरडी, अंगातली ओल धरून ठेवत नाही. तुम्ही होती तीसुद्धा काढून टाकताय. अशीच घासत राहिलात तर जखमा चिघळतील, मग मलमानं भागायचं नाही." बाहेरच्या बाकावरची एक बाई वाकून बघायला लागली. अनिताचे कान लाल झाले. डॉक्टरीणबाईंनी मग आवाज खाली आणून समजावलं. पाणी कोमट, पाच मिनिटांत उरकायचं. पीठ, साबण, धूर बंद. अंग पुसायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि ते दमट असतानाच हे डब्यातलं मलम भरपूर थापायचं. लाल आहे तिथं ही ट्यूब, सांगितलंय तेवढेच दिवस. नखं कापायची, सुती कपडे घालायचे. "आणि हे कुणाला लागत नाही. खुशाल घ्या तिला मांडीवर."

परतीच्या गाडीत छकुली आईच्या खांद्यावर झोपली. भवानीनगर मागं गेल्यावर द्वारकाबाई खिडकीकडं तोंड करूनच म्हणाली, "खोटं का बोललीस?"

"तुमाला गावात समदी मानत्यात, आत्या. मला तितं कोण वळखतंय?"

यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं द्वारकाबाईला वाटलं. टोमण्याला तिच्याकडं उत्तरं होती.

दुसऱ्या दिवसापासून न्हाणीतला तिचा पाट भिंतीला टेकून उभा राहिला. अनिता कोमट पाण्यानं पोरीला धुवायची, पण माघाचं वारं सुटलेलं. ओल्या अंगाला वारं बाधेल, पोरीच्या छातीत कफ होईल, या भीतीनं ती छकुलीला आधी कोरडीठाक पुसायची, उन्हात धरायची, कपडे शेकून घालायची आणि मग निवांत बसून मलम लावायची. डॉक्टरणीनं जे सांगितलं होतं त्यातलं एवढंच तिच्या हातून निसटलं होतं. द्वारकाबाई ओट्यावरून बघायची, पण तीही काय बोलणार? वाऱ्याची भीती तिनंच या घरात पेरलेली.

आठ दिवस झाले. लाली थोडी उतरली, पण कोरडेपणा हटेना. मलम वरच्यावर चिकटून बसायचं, खाली कातडी तडकलेलीच. छकुली नखं कापलेली बोटं घासून घासून खाजवायची.

रणजित वैतागला. "एवढं करून हाय तशीच. आई, तूच घाल बाबा पयल्यासारखं. निदान तासभर तरी बरी दिसायची."

द्वारकाबाईला एकदम उभारी आली, खोटं कशाला सांगा. तिनं पाट आडवा टाकला, बसली, पाय लांब केले. छकुली अनिताच्या कडेवर होती. आजीचे ते पसरलेले पाय पाहिले मात्र, पोरीनं आईच्या गळ्याला मिठी मारली आणि अशी किंकाळी फोडली की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. पाणी अजून अंगावर पडलंही नव्हतं.

द्वारकाबाईनं पाय जवळ घेतले. सगळ्या वरकुट्यानं तिला नावं ठेवली असती तरी तिला इतकं लागलं नसतं. ती उठली, खुरपं घेतलं आणि रानात निघून गेली.

रानात तिचा नवरा आबाजी एकटाच होता. ऊस तुटून गेलेला, त्याच बुडख्यांवर खोडवा राखायचा होता. रणजितनं घाईघाईत अर्ध्या रानातलं पाचट, उसाचा वाळका पाला, पेटवून दिलं होतं, आणि त्यापायी आबाजी लेकाशी दोन दिवस बोलला नव्हता. उरलेल्या अर्ध्यात पाचट सऱ्यांतून अंथरलेलं होतं. दोन्हीकडं एकाच दिवशी पाणी दिलं, त्याला पाच-सहा दिवस झाले. जळक्या रानाला आता भेगा पडल्या होत्या आणि भेगांच्या कडांवर पांढरा खार फुलला होता.

द्वारकाबाई काही न बोलता उकिडवी बसली आणि खुरप्यानं तो खार खरडायला लागली. जोरजोरानं.

"काय करतीस?" आबाजी म्हणाला.

"दिसत न्हाय का? घाण काढतीया."

"खरडून खार जातोय व्हय? ह्यो वरला काढशील, तर खालची ओल ऊन वर वढंल, आन ती संगं दुसरा खार घिऊन यील. खरडशील तितकं रान उघडं पडंल." मग त्यानं तिचं मनगट धरून तिला बांधापलीकडच्या सरीत नेलं. "हात घाल हितं."

तिनं पाचटाखाली हात घातला. माती गार होती, मऊ होती. बोटांना ओल लागली.

"पाणी तेवढंच दिलंय," आबाजी म्हणाला. "त्येच बोअरचं, त्येच खारं. ह्यानं ओल धरली, त्येनं सोडली. आज त्या उघड्या रानाला परत भिजवतोय. भिजलं की लगीच पाचट सारायचं. उद्या सारू म्हणलं की गेलं. ओल हाय तवर झाकलं तर झाकलं, न्हायतर नुसतं वाळल्याव वाळलेलं घातल्यागत हुतं."

द्वारकाबाई हात तसाच पाचटाखाली ठेवून बसली. डॉक्टरणीचं बोलणं तिला शब्दाशब्दानं आठवलं. ते तिनं अपराध्याच्या कानांनी ऐकलं होतं, म्हणून नुसतं कानात राहिलं होतं. आता ते तिच्या हाताला कळलं. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा आबाजी गडबडला. "आगं, मी काय रागावलो न्हाय तुज्याव." ती म्हणाली, "तुमी न्हाय वं." आणि दिवसभर तिनं त्याच्याबरोबर ओल्या रानात पाचटाचे भारे ओढले. पाचटाच्या धारदार कडांनी दोन्ही तळहात चिरले.

सांजेला दिवस असतानाच घरी येऊन तिनं अनिताला हाक मारली.

"आगं, आंग पुसून मग मलम लावतीस, तितंच चुकतंय. ओल हाय तवर लावायचं. त्या बाईनं त्येच सांगितलं हुतं."

"वारं बाधंल की, आत्या."

"न्हाय बाधत. आतल्या खोलीत घालू. दार लाव, खिडकीला वाकळ टांगू. मी पाणी धरते, तू लाव."

परातीत कोमट पाणी घेतलं. प्यायच्या जारमधलं, गोडं. द्वारकाबाईनं पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. कढत नाही, गार नाही, इतकं साधं पाणी तिनं आयुष्यात कुणा पोरावर ओतलं नव्हतं. छकुली बिथरलेली होतीच, म्हणून ती पोरीच्या पाठीमागं बसली, दिसणार नाही अशी, आणि तांब्यानं हळूहळू पाणी सोडत राहिली. अनितानं धुडक्यानं अंग टिपलं न टिपलं आणि मलम थापायला घेतलं. पाठ मोठी, हात दोनच. मदतीला म्हणून द्वारकाबाईनं बोटांवर मलम घेऊन नातीच्या पाठीवर हात ठेवला.

पोरगी कळवळून वाकडी झाली.

चिरलेले, भेगाळलेले तळहात. पाचटानं, खुरप्यानं, चुलीनं, तीस वर्षांच्या पिठानं राठ झालेले. द्वारकाबाईनं ते उलटून पाहिले. हेच हात घेऊन ती दोन-दोन दिवसांची पोरं चोळत होती. ती मागं सरकली आणि तांब्या घेऊन बसली.

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ हेच चाललं. चौथ्या दिवशी कोंडा कमी झाला. दहाव्या दिवशी कोपरांच्या चिरा मिटल्या. महिना होत आला तसं छकुलीच्या पोटावर हात फिरवला तर हाताला पोट लागायला लागलं, खरखर नाही. थंडी सरली म्हणूनही असेल; पण मधे दोन दिवस अनिता माहेरी गेली, मलम राहिलं, आणि कोपर लगेच पुन्हा लाल झाले. म्हणजे हे आता रोजचंच, मोठी होईपर्यंत, हे दोघींना कळून चुकलं. दोघींनी त्याची कुरकुर केली नाही.

द्वारकाबाईचा दुसरा उद्योग मात्र घरात चेष्टेचा झाला. ती सकाळ-संध्याकाळ आपल्या हातांना खोबरेल चोळायची आणि रानात जाताना रणजितचे जुने मोजे हातात घालायची.

"हातात मोजं," आबाजी म्हणायचा. "आता पायात टोपी घाल म्हंजी झालं."

ती हसायची नाही. छकुली अजून तिच्या मांडीवर येत नव्हती. खेळायची, लांबून हाक मारली की बघायची, पण हात पुढं केला की आईच्या मागं.

फाल्गुनात धोंडाबाईची लेक बाळंत होऊन माहेरी आली. द्वारकाबाईला बोलावणं आलं. बोरन्हाणाला जिनं नातवाला मागं ओढलं, तिच्याच घरचं. जाऊ नये असं क्षणभर वाटलं, पण पोर कुणाचं का असेना. ती गेली. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू केले होते, ते घेऊन अनिताही मागोमाग गेली, कडेवर छकुली.

न्हाणीत सगळं मांडून ठेवलं होतं. पाट, तेलाची वाटी, डाळीचं पीठ, कणकेचा गोळा, शेगडीत निखारे, आणि पातेल्यातल्या पाण्याला वाफा येत होत्या. चार बायका दाराशी जमलेल्या. द्वारकाबाई पाटावर बसली. पाय लांब केले. धोंडाबाईनं बाळ तिच्या नडग्यांवर ठेवलं. आठ दिवसांचं, तांबूस, हातात मावेल एवढं. तिनं पाण्यात कोपर बुडवला आणि झटकन वर घेतला.

"गार पाणी घाला ह्यात."

"आं? तुमालाच लागतंय की कढत," धोंडाबाई म्हणाली.

"लागायचं. आता न्हाय लागत." तिनं पिठाची वाटी बाजूला सारली, गोळा सारला. "पीठ न्हाय, धुरी बी न्हाय."

"आसं कसं? रीतीनं हुऊ द्या समदं. ह्याच्या मामाला, मावशीला तुमीच न्हाऊ घातलंय."

द्वारकाबाईनं बाळाच्या पाठीवर हात टेकला नाही, नुसता वर धरून ठेवला. दाराशी अनिता उभी होती. तिनं हळूच मान हलवली, सांगू नका म्हणून. सासूला ते दिसलं.

"घातलंय," द्वारकाबाई म्हणाली. "माज्या नातीला बी घातलंय. तिचं आंग ह्याच हातानं सोललंय मी. आमी बारामतीला गेलो तवा डॉक्टरणीनं इचारलं, कोण न्हाऊ घालतं. हिनं सांगितलं मी घालते. समद्यांच्या म्होरं बोलणी खाल्ली हिनं. आन मी शेजारी बसून गप ऱ्हायले. तोंड हुतं मला, पर गप ऱ्हायले." तिचा आवाज फाटला. "पोरीचं लागंल म्हून तुमी पोरं मागं वढली. कुणालाबी लागत न्हाय त्ये. लागलं ते तिलाच, माज्यापायी."

शेगडीतला निखारा तडतडला.

"कोमट पाण्यानं घालते, पायजे आसंल तर," ती म्हणाली. "न्हायतर उठते."

धोंडाबाईनं लेकीकडं पाहिलं, बायकांकडं पाहिलं. मग तिनं वाकून बाळ उचलून घेतलं. "तुमचं खरं आसंल, बाई. पर आमच्याकडं पयल्या लेकराला आसलं नगं. न्हाऊ घालायला झुंबरला बोलावते."

द्वारकाबाई पदर सोडून उठली. तीस वर्षांत ती न्हाणीतून कोरड्या हातांनी कधी उठली नव्हती. रस्त्यानं सासू-सून पुढंमागं चालत राहिल्या. घराजवळ आल्यावर मागून बाळाचं रडणं ऐकू आलं. झुंबर लगेच आली असावी. द्वारकाबाई उंबऱ्याशी थांबली, ते संपेपर्यंत ऐकत राहिली आणि मग आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीत परात भरली, खिडकीला वाकळ टांगली. द्वारकाबाई नेहमीसारखी मागं बसायला गेली. अनितानं तिच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि मलमाचा डबा पुढं केला.

"आत्या, आज तुमी लावा. पाणी मी धरते."

"रडंल ती."

"रडली तर बगू."

द्वारकाबाई पोरीच्या समोर बसली. पाय दुमडून, मांडी घालून. छकुलीनं तिच्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, ओठ काढला. पाणी पडलं. अनितानं अंग टिपलं. द्वारकाबाईनं मलम दोन्ही तळहातांत घेतलं, ऊब येईतो धरलं आणि नातीच्या पाठीवर ठेवलं. घासलं नाही, नुसतं ठेवलं; मग हळूहळू खाली नेलं, खांद्यांवरून दंडाकडं, कोपराच्या खोबणीत. पोरगी ताठ झाली होती. मग तिचा खांदा सैल पडला. तिनं एक हात पुढं करून आजीच्या हातातली बांगडी धरली आणि फिरवत बसली.

खोलीत आवाज नव्हता. बांगडी तेवढी किणकिणत होती. द्वारकाबाईच्या हाताखाली आजवर किती पोरं गेली, आणि त्यातलं एकही असं गप बसलं नव्हतं. ती सगळी रडत होती तेव्हा ती त्यांच्या आयांना सांगत होती, रडू दे. पोरं सांगत होती आणि ती ऐकत नव्हती.

"आत्या, वाळतंय," अनिता हळूच म्हणाली.

द्वारकाबाईनं डोळे दंडाला पुसले, मलमाचे हात डोळ्यांना लागू दिले नाहीत, आणि ओल आहे तोवर नातीचे पाय घेतले.